म्युझिक सिस्टीमचे पैसे गाडी विकताना वसूल होतात का?

जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचल्या की मॉडेल, साल, किलोमीटर झाल्यावर एक ओळ हमखास येते: 'पन्नास हजारांची म्युझिक सिस्टीम बसवलेली आहे.' त्या ओळीमागचा मालकाचा हिशेब सरळ असतो. खर्च मी केला, वस्तू गाडीत आहे, गाडी आता दुसऱ्याकडे चालली, तर त्याने त्याचे पैसे द्यावेत. सगळे नाही तर निदान अर्धे.

बाजार हा हिशेब मानत नाही. बाहेरून बसवलेल्या साउंडचे पैसे गाडीच्या किमतीत बहुतेक वेळा मिळत नाहीत, आणि फिटिंग वाईट झालं असेल तर गाडीचा भाव उलट खाली येतो. काही ठरावीक गाड्यांना मात्र त्याचा खरंच उपयोग होतो. हा फरक कुठे पडतो ते कळलं, तर आवडीचा साउंडही लावता येतो आणि विकताना फारसं हातचं जात नाही. त्यासाठी सुरुवात साउंडपासून करून चालणार नाही. जुन्या गाडीची किंमत कशी ठरते, तिथून करावी लागेल.

भाव ठरतो कसा

जुन्या गाडीचा भाव तुलनेतून निघतो. समजा तुमची २०१८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, पेट्रोल, ६० हजार किलोमीटर चाललेली, पहिला मालक, पुण्याचं पासिंग. अशाच दुसऱ्या स्विफ्ट सध्या कितीला जात आहेत, तोच तुमच्या गाडीचा भाव. मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूचं दालन असो, कार्स२४ किंवा स्पिनीसारखी ऑनलाइन कंपनी असो, की तुमच्या चौकातला ओळखीचा एजंट असो, सगळे एकाच पद्धतीचे रकाने भरतात. मॉडेल, व्हेरियंट, साल, इंधन, किलोमीटर, मालक कितवा, अपघात झालाय का, विमा चालू आहे का. मग टायर, क्लच, बॅटरी, पेंट यांची वजाबाकी होते. म्युझिक सिस्टीमची नोंद झालीच तर 'चालते' किंवा 'चालत नाही' एवढीच होते. ती कितीची आहे यासाठी रकानाच नसतो.

डीलर हिशेब शेवटापासून मागे करत येतो. ही गाडी मी पाच लाखांना विकू शकेन, त्यातून सर्व्हिस आणि पॉलिशचा खर्च, आरसी ट्रान्सफर, गाडी महिनाभर पडून राहिली तर अडकलेल्या पैशाचं व्याज, स्वतःचा नफा, आणि त्या नफ्यावरचा जीएसटी एवढं वजा केलं की जे उरतं ते तो तुम्हाला देतो. हा जीएसटी २०२५ पासून सगळ्याच जुन्या गाड्यांच्या मार्जिनवर नोंदणीकृत व्यापाऱ्याला १८ टक्क्यांनी भरावा लागतो. त्यामुळे त्याचा हात आधीच आखडता असतो. तुमच्या वूफरचे (जाड, घुमणाऱ्या आवाजासाठीच्या मोठ्या स्पीकरचे) दहा हजार तो वाढवून देईल ते फक्त एका परिस्थितीत: पुढचं गिऱ्हाईक त्याला दहा हजारांहून जास्त देणार अशी त्याची खात्री असेल तर. ती खात्री त्याला कधीच नसते, कारण पुढचं गिऱ्हाईक कोण असेल हेच त्याला माहीत नसतं. चाळिशीतलं कुटुंब असेल, नवीनच गाडी शिकलेली मुलगी असेल, गावाकडे आईवडिलांसाठी गाडी नेणारा मुलगा असेल. यांतल्या बहुतेकांना स्वच्छ गाडी हवी असते, आणि म्युझिक म्हणजे फोन ब्लूटूथला जोडता आला की पुरे.

भावाला वरूनही छत असतं. व्हीएक्सआयला कितीही साउंड लावा, गिऱ्हाईक तिला वरच्या झेडएक्सआय व्हेरियंटपेक्षा जास्त पैसे देणार नाही. झेडएक्सआय घेतली तर त्याच पैशात अलॉय व्हील आणि पुश स्टार्टसारख्या गोष्टी कंपनीकडूनच मिळतात. त्याच्या वर छत नव्या गाडीच्या किमतीचं. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या, आणि त्याचा दाब जुन्या गाड्यांच्या भावावरही आला. त्या वेळी जुनी गाडी विकणाऱ्याच्या डिकीत काय बसवलंय याला काहीच अर्थ उरला नाही.

मालकाला हे पटणं जड जातं, कारण त्याने साउंड स्वतःच्या कानासाठी निवडलेला असतो. भारी कापडाचा, पण आपल्या मापाने शिवून घेतलेला ब्लाउज दुसरीला विकायला गेलं की कापडाचा भाव राहत नाही, तसंच इथे होतं. जुनी गाणी ऐकणाऱ्याने आवाज स्वच्छ यावा म्हणून स्पीकर निवडलेले असतात, आणि घेणाऱ्याला हवा असतो छातीत घुमणारा बेस. किंवा त्याला काहीच नको असतं.

घेणाऱ्याला खरंखोटं कळत नाही

दुसरी अडचण विश्वासाची आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. चांगली सिस्टीम आणि भंगार सिस्टीम बाहेरून सारखीच दिसते. दोन्हींच्या जाळ्या काळ्या, दोन्हींचे दिवे निळे, दोन्हींवर मोठमोठे आकडे छापलेले.

वॉटचंच घ्या. डेकच्या (डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेअरच्या) खोक्यावर '५० वॉट × ४' असं सर्रास छापलेलं असतं. गाडी चालू असताना अल्टरनेटर साधारण १४.४ व्होल्ट देतो. डेकच्या आतल्या, आवाज वाढवणाऱ्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला मिळतात तेवढेच व्होल्ट, आणि पुढे असतो ४ ओहमचा स्पीकर. आवाजाची लहर जास्तीत जास्त १४.४ व्होल्टपर्यंत वर-खाली जाऊ शकते. तिचं सरासरी बळ धरलं तर सुमारे १०.२ व्होल्ट येतात. त्याचा वर्ग करून ४ ने भागलं की २६ वॉट. ही झाली कागदावरची कमाल. प्रत्यक्षात आवाज न फाटता १८ ते २२ वॉट मिळतात. छापलेले ५० वॉट म्हणजे क्षणभराचा, फाटलेल्या आवाजाचा आकडा. सलग मिळणाऱ्या ताकदीला आरएमएस म्हणतात, आणि मोजायची ती तीच.

डिकीतल्या अ‍ॅम्पचंही असंच. वर '२००० वॉट' लिहिलंय, पण बाजूला फ्यूज बघितले तर २५ अँपिअरचे दोन. म्हणजे आत जास्तीत जास्त ५० अँपिअर जाणार. ५० गुणिले १४.४ म्हणजे ७२० वॉट. क्लास डी प्रकारचा चांगला अ‍ॅम्प त्यातले ८० टक्क्यांच्या आसपास आवाजात बदलतो, म्हणून बाहेर पडणार पावणेसहाशे. जुन्या धाटणीचा क्लास एबी अ‍ॅम्प असेल तर त्याहून बरेच कमी. उरलेली वीज उष्णता होऊन जाते. जेवढी वीज आत गेलीच नाही, ती बाहेर कुठून येणार?

गाडी बघायला आलेला माणूस हे गणित करत बसत नाही. त्याच्याकडे अर्धा तास असतो. त्यात तो बोनेट उघडतो, पत्रा बघतो, ट्रायल घेतो, एसी लावून बघतो आणि एखादं गाणं मिनिटभर ऐकतो. तुमची सिस्टीम खरोखर पन्नास हजारांची आहे की पंधरा हजारांची, हे त्याला त्या मिनिटात कळू शकत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं की विकणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट घेणाऱ्याला तपासता येत नसेल, तर घेणारा चांगल्या मालालाही सरासरीचाच भाव देतो. या कामासाठी त्याला २००१ चं नोबेल विभागून मिळालं. साउंडच्या बाबतीत घेणारा सरासरीवरही थांबत नाही. तो गृहीत धरतो की हे काम स्वस्तात उरकलेलं असणार, आणि मालक हौशी होता म्हणजे गाडीही तशीच हाणलेली असणार. हा दुसरा तर्क कित्येकांवर अन्याय करणारा आहे. नीट साउंड लावणारी माणसं सहसा गाडीला फार जपतात. पण समोरचा तुम्हाला ओळखत नाही, आणि भाव तो ठरवतोय.

वायरींचा मामला

इथे प्रत्यक्ष नुकसान होतं.

डेकच्या मागे गाडीचा कपलर असतो, प्लास्टिकचा चौकोनी, वीस-बावीस वायरी एकत्र घेऊन येणारा. चांगला फिटर त्या गाडीचा तयार कपलर आणून मधे जोडतो, मूळ वायरीला हातही लावत नाही. तो कपलर काही शे रुपयांना मिळतो. घाईतला फिटर मूळ कपलर कापतो, वायरी पिळतो, वर काळी टेप मारतो आणि अर्ध्या तासात मोकळा होतो. दोन्ही ठिकाणी गाणं सारखंच वाजतं. पण एक-दोन उन्हाळ्यांत टेपचा डिंक वितळतो, टेप सुटते, आणि मग कधी डेक बंद पडतो, कधी फ्यूज उडतो, कधी बॅटरी रात्रीत उतरते. पुण्यातली नाना पेठ असो की कुर्ल्याचा सीएसटी रोड, दोन्ही प्रकारची कामं करणारी माणसं शेजारी-शेजारी सापडतात. तुम्ही कोणाकडे गेलात हे विकताना उघड होतं, कारण तपासणीला आलेला माणूस डॅशबोर्डच्या खाली हात घालून बघतो.

गेल्या आठ-दहा वर्षांतल्या गाड्यांत हा धोका वाढलाय. जुन्या मारुती ८०० मध्ये डेक म्हणजे वेगळी वस्तू होती. ओढून बाहेर काढली तरी गाडीला पत्ता लागत नसे. डेकच्या खाचेचं मापही जगभर एकच होतं, रुंदी १८० आणि उंची ५० मिलिमीटर, किंवा दुप्पट उंचीचा १०० मिलिमीटरचा. त्यामुळे कुठलाही डेक कुठल्याही गाडीत बसायचा. आज स्क्रीन म्हणजे गाडीच्या मेंदूचाच एक भाग झालाय. मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, काही गाड्यांत एसीचे आकडे आणि गाडीचं सेटिंग, सगळं तिथे. शिवाय मोबाइलवरून गाडी लॉक करायची सोय. ही स्क्रीन काढून दुसरी बसवली की यांतलं काही ना काही हरवतं, आणि घेणारा नेमकं तेच विचारतो. २०२१ नंतरच्या गाडीत बाहेरची स्क्रीन दिसली की मूळ स्क्रीन बिघडली होती का, हा पहिला प्रश्न येतो.

वॉरंटीचं नुकसान बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन-तीन वर्षांची गाडी असेल तर कंपनीची उरलेली वॉरंटी नव्या मालकाकडे जाते, आणि तिला बाजारात खरा भाव आहे. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकल भागांची वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं. म्हणजे पन्नास हजारांची सिस्टीम बसवून तुम्ही गाडीची एक मोलाची गोष्ट पुसून टाकलीत.

ट्वीटरचंही, म्हणजे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचंही सांगतो. समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर ट्वीटर बसवायची पद्धत आहे, आवाज समोरून आल्यासारखा वाटतो म्हणून. आता बऱ्याच गाड्यांत सहा एअरबॅग येतात आणि पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग त्याच खांबापासून छताच्या कडेने जाते. तिथे भोक पाडून ट्वीटर बसवला किंवा त्या एअरबॅगच्या वायरीला घासून दुसरी वायर नेली, तर अपघाताच्या क्षणी काय होईल याची कोणी हमी देऊ शकत नाही. इथे भावाचा विचार दुय्यम आहे. त्या खांबाला हात लावू देऊ नका.

डिकी, सीएनजी आणि गिऱ्हाईक

महाराष्ट्रात वापरलेली छोटी गाडी घेणाऱ्यांत सीएनजीचा विचार करणारे खूप आहेत. मुंबई-पुण्यात रोजचं येणं-जाणं असलेला माणूस आधी तेच विचारतो: सीएनजी आहे का, नसेल तर किट बसेल का. किटची टाकी जाते डिकीत. तिथे १२ इंची वूफरचं खोकं स्क्रूने पक्कं केलेलं असेल, तर त्याच्या दृष्टीने ते अडथळा आहे, आणि ते काढायचा खर्च तो तुमच्या भावातून कापणार. सीएनजी नको असलेल्या कुटुंबालाही गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना बॅगा ठेवायला तीच जागा हवी असते. खोक्याखाली स्टेपनी अडकली असेल तर आणखी वाईट. पंक्चर झाल्यावर रस्त्याकडेला पंचवीस किलोंचं खोकं कोण उचलणार?

म्हणून वूफर हवाच असेल तर सीटखाली बसणारा चपटा घ्यावा असं माझं ठाम मत आहे. घुमणं थोडं कमी मिळतं, पण डिकी मोकळी राहते आणि चार बोल्ट काढले की वूफर तुमच्या हातात येतो.

थार, स्कॉर्पिओ, बोलेरो यांसारख्या गाड्यांचं जग थोडं वेगळं आहे. तिथे हौसेने गाडी सजवणारे आणि तशीच सजवलेली शोधणारे दोघेही भेटतात. अशी गाडी थेट शौकिनाला विकली तर साउंडचे काही पैसे मिळू शकतात. डीलरकडे दिली तर तिथेही तेच, रकाना नाही म्हणजे पैसे नाहीत.

फायदा होतो तो कुठे

सगळ्यात खालच्या व्हेरियंटच्या गाड्यांना. एलएक्सआय किंवा त्या दर्जाच्या कित्येक गाड्या कंपनीकडून म्युझिकशिवायच येत होत्या. डॅशबोर्डवर नुसतं प्लास्टिकचं झाकण. अशी गाडी विकताना साधा, स्वच्छ बसवलेला डेक आणि पुढच्या दारांत दोन स्पीकर असले तर गिऱ्हाईकाच्या डोक्यातला एक खर्च कमी होतो. याने भाव फार चढत नाही. गाडी लवकर जाते आणि घासाघीस कमी होते. डेकचे आठ हजार गेले असतील तर त्यातले तीन-चार हजार भावात धरून मागायला हरकत नाही.

दुसरी जागा म्हणजे आठ-दहा वर्षांची चांगली राखलेली गाडी, जिच्यात सीडी प्लेअर आहे पण ब्लूटूथ नाही. आज सीडी कोणाकडेच नाहीत. अ‍ॅपलचं कारप्ले (फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) २०१४ मध्ये आणि अँड्रॉइड ऑटो त्याच्या पुढच्या वर्षी आलं, आणि स्वस्त गाड्यांपर्यंत पोचायला त्यांना आणखी काही वर्षं लागली. त्याआधीच्या गाडीत फोन जोडता येणारी नावाजलेल्या कंपनीची स्क्रीन आणि मागचा कॅमेरा असेल तर गाडी काही वर्षांनी नवी वाटते. कॅमेऱ्याचं महत्त्व इथे जास्त आहे. भारतात मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचे झाले, म्हणून त्याआधीच्या कित्येक गाड्यांत मागचं काहीच कळत नाही. नवशिक्या गिऱ्हाईकाला स्पीकरपेक्षा हा कॅमेरा जास्त पटतो. जाहिरातीत साउंडच्या आधी त्याचं नाव लिहा.

पण स्क्रीन लवकर म्हातारी होते. कमी रॅमच्या स्वस्त अँड्रॉइड स्क्रीन तीन-चार वर्षांत अडखळायला लागतात, नकाशा उघडायला वेळ लावतात. अशी अडखळणारी स्क्रीन गिऱ्हाईकासमोर आली तर ती गाडीबद्दलच शंका निर्माण करते. स्पीकरचं तसं नसतं. चांगला स्पीकर दहा वर्षांनीही चांगला वाजतो, फक्त त्याच्या कडेचं रबर किंवा फोम शाबूत हवं.

कंपनीनेच दिलेल्या नावाजलेल्या साउंडचं काय, असं तुम्ही विचाराल. क्रेटा आणि सेल्टॉसच्या वरच्या व्हेरियंटमध्ये बोस आहे, एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या व्हेरियंटमध्ये सोनीचे १२ स्पीकर आहेत, टाटाच्या गाड्यांत हरमन आणि जेबीएल ही नावं दिसतात. या गाड्यांना जास्त भाव मिळतो हे खरं, पण तो व्हेरियंटचा भाव आहे. त्या व्हेरियंटमध्ये सनरूफ येतं, चांगल्या सीट येतात, कॅमेरे येतात, आणि साउंड त्यांच्यासोबत येतो. शिवाय त्याची खात्री करायला गिऱ्हाईकाला कान लागत नाहीत. व्हेरियंटचं नाव वाचलं की झालं. बाहेरच्या सिस्टीमला नेमकं हेच जमत नाही, ती आवाजाला याच्यापेक्षा सरस असली तरी. आणि ती सरस असू शकते. तीस-चाळीस हजारांत विचार करून लावलेले स्पीकर, छोटा अ‍ॅम्प आणि दारांच्या पत्र्याला आतून चिकटवायची शीट एवढ्यावर कित्येक कंपनी-फिटेड सिस्टीम मागे पडतात.

विम्यात नोंद

विम्यात साउंडला किंमत आहे, ही गोष्ट थोड्यांनाच माहीत असते. बाहेरून बसवलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू पॉलिसीत वेगळी लिहून घेता येते. इंडियन मोटर टॅरिफमध्ये आयएमटी २४ या नावाचं त्यासाठी कलम आहे आणि रूढ दर वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के. म्हणजे ५० हजारांच्या सिस्टीमला वर्षाला २ हजार, वर जीएसटी. लिहून घेतली नसेल आणि चोरीला गेली किंवा गाडी पाण्यात बुडाली, तर सिस्टीमचा एक रुपयाही मिळत नाही. शॉर्टसर्किटचा दावा आला आणि न कळवलेली वायरिंग सापडली, तर वाद होतो तो वेगळाच.

विमा कंपनी गाडीचं मूल्य दर वर्षी कमी करत जाते: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. नोंदवलेल्या सिस्टीमचाही घसारा याच पायऱ्यांनी धरला जातो. साडेचार वर्षांनी तुमची सिस्टीम विम्याच्या कागदावर २५ हजारांची राहते. घेणाऱ्याशी बोलताना हा कागद हातात असेल तर निदान एक तिऱ्हाईत आकडा समोर असतो.

मग काय करावं

पैसे वसूल करण्याचा खरा मार्ग गाडीतून जात नाही. सिस्टीम काढून वेगळी विका, किंवा पुढच्या गाडीत न्या.

त्यासाठी तयारी पहिल्या दिवशी करावी लागते. फिटरला सांगून ठेवा: मूळ डेक, मूळ स्पीकर, त्यांचे स्क्रू, फ्रेम आणि कपलर, सगळं मला परत हवं. दुकानात राहिलेला मूळ डेक नंतर मिळत नाही, आणि विकताना त्याच्याशिवाय डॅशबोर्डला भोक पडतं. काही मूळ डेक बॅटरी काढली की कोड मागतात. तो कोड गाडीच्या कागदांत ठेवा. वस्तूंची खोकी आणि बिलं सांभाळा. दारात भोक पाडण्याऐवजी मापाची रिंग बसवायला सांगा. अ‍ॅम्पची जाड वायर बोनेटमधून आत घेताना आधीपासून असलेल्या रबरी बुचातूनच न्यावी, आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत तिच्यावर फ्यूज असावा. आग लागू नये म्हणून हा फ्यूज असतो, आणि फिटरकडून लावायची राहून जाणारी पहिली गोष्ट तीच असते.

आता समजा तुम्ही ५० हजार असे खर्च केलेत: स्क्रीन १४ हजार, कंपोनंट स्पीकर (ट्वीटर वेगळा असलेले) १२ हजार, अ‍ॅम्प १० हजार, सीटखालचा वूफर ८ हजार, आणि दारातली शीट, वायरी, मजुरी मिळून ६ हजार. शेवटचे ६ हजार गेले असंच धरा. पत्र्याला चिकटवलेली शीट कोणी काढून विकत नाही. आवाजात सगळ्यात जास्त फरक पाडणारी स्वस्त वस्तू तीच आहे, दार थरथरायचं थांबतं आणि बेस घट्ट येतो, पण तिचा एक रुपया परत येत नाही, म्हणून ती फक्त स्वतःच्या सुखासाठी लावा. स्क्रीनला तीन वर्षांनी फारसं कोणी विचारत नाही. ती गाडीतच ठेवून 'कॅमेऱ्यासकट' म्हणून विकणं बरं, पण मूळ डेक हातात हवा, गिऱ्हाईकाने मागितला तर. स्पीकर, अ‍ॅम्प आणि वूफर मात्र काढा. पायोनिअर, जेबीएल, अल्पाइन, फोकल, हर्ट्झ अशा नावाच्या वस्तूंना ऑनलाइन वेगळं गिऱ्हाईक मिळतं, आणि तो माणूस स्वतः शौकीन असतो. त्याला आरएमएस कळतं, तो फ्यूज बघतो, बिल बघतो. गाडीच्या गिऱ्हाईकाला जे पारखता येत नव्हतं ते याला येतं, म्हणून तो पैसे देतो.

हे काढण्याची वेळही महत्त्वाची. गाडी दाखवायच्या आधी काढा. साउंड ऐकवून सौदा ठरला आणि नंतर तुम्ही स्पीकर काढलेत, तर घेणाऱ्याची फसवणूक झाली, आणि त्याचं रागावणं रास्त आहे. आणि काढायचं नसेलच, तर 'सिस्टीमचे वेगळे पैसे नाहीत, बिलं सोबत देतो' असं सांगून भाव ठाम ठेवा. साउंड किमतीत मिळवायला जाण्यापेक्षा घासाघीस रोखायला तो जास्त कामाला येतो.

आता तुम्ही घेणारे असाल तर. सिस्टीम बसवलेली गाडी आवडली, तर तिचे जादा पैसे देऊ नका आणि तिच्यामुळे गाडी नाकारूही नका. इंजिन बंद असताना बोनेट उघडून लाल जाड वायर बॅटरीकडून कुठे जाते ते बघा, फ्यूज आहे का बघा. वायरचं टोक चंदेरी दिसलं तर ती बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ती कमी वीज झेपवते. प्रत्येक दाराची काच वर-खाली करून बघा, कारण जास्त खोल स्पीकर काचेला अडतो. स्टिअरिंगवरची बटणं, हॉर्न, मागचा कॅमेरा, आतले दिवे तपासा. मूळ डेक मागा.

शेवटी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून एक मोजणी करून घ्या. गाडी बंद करून, लॉक करून, अर्धा तास थांबायचं, मग बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत अँमीटर लावायचा. नीट असलेली गाडी ५० मिलिअँपिअरच्या आत वीज खाते. काटा त्याच्या बराच वर असेल तर अ‍ॅम्पचा फ्यूज काढून पुन्हा मोजा. आकडा लगेच खाली आला, तर दोष त्या सिस्टीमच्या वायरिंगमध्ये आहे, आणि ती काढून मूळ कपलर बसवायचा खर्च सौद्यातून वजा करून मागा.